शेव्हीला तीन कार्ब्युरेटर

१ जून, शनिवार

आजपासून तांत्रिक नोंदी. क्लिनिकची गेल्या वर्षीची अपॉइंटमेंट डायरी अर्धी कोरी राहिली आहे. हुनीन शहराचे दात सुधारले, त्याचा हा पुरावा. ती कारणी लावतो.

निर्णय: शेव्हीला तीन कार्ब्युरेटर बसवायचे.

कारण: आमची शेव्ही गाडी १९७४ ची. सहा सिलिंडर. आणि सहा जणांना पेट्रोल-हवा पाजायला कार्ब्युरेटर एक. सहा लेकरं आणि दुधाची बाटली एकच. पंचेचाळीस वर्षं हा अन्याय चालू आहे. सगळे म्हणतात, गाडी छान चालते. छान चालते हीच तर अडचण आहे. त्यामुळे पुढचा विचार कुणी केलाच नाही.

तारीख: २२ सप्टेंबर, रविवार. सासूबाई, म्हणजे नेलिदाबाई, पंच्याऐंशीच्या होणार. त्यांची एकच मागणी आहे: त्या दिवशी त्यांच्या नवऱ्याच्या गाडीतून त्यांना तळ्यावर न्यायचं. नेणार. पण तीन कार्ब्युरेटरच्या आवाजात.

गाडी सासऱ्यांची. पास्क्वाल पाल्यूका, हुनीनमधला नामांकित मेकॅनिक. जाताना गाडी लेकीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या नावावर केली. माझ्या लग्नाला तेहेतीस वर्षं झाली; ते असेपर्यंत मला एकदाही बॉनेट उघडू दिलं नाही. "डॉक्टर, तुमचे हात दातांसाठी. तेल लागेल त्यांना." मी हे मनावर घेतलेलं नाही. फक्त आठवतं.

मीर्ताला (बायको) योजना सांगितली. म्हणाली, "सप्टेंबर कुठल्या वर्षीचा?"

दान्तेला (मेहुणा, वडिलांचं गॅरेज आता तोच चालवतो) यातलं काही कळवायचं नाही. ईस्टरच्या रविवारी अंगणात मांस भाजताना त्याने मला सगळ्यांसमोर सांगितलं, "डॉक्टर, तुम्ही दाढा सांभाळा. निखाऱ्यांचं मी बघतो." निखारे मी विझवले नव्हते. ते विझले होते.

८ जून

कार्ब्युरेटर मिळाले. विकणारा चिचो. पूर्वी रेसच्या गाड्यांच्या आसपास असायचा. आसपास म्हणजे नेमकं कुठे, ते तो सांगत नाही. तीन कार्ब्युरेटर आणि ते ज्यावर बसतात तो ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड, सगळं एका फळांच्या खोक्यात.

विचारलं, तिन्ही एकसारखे आहेत ना?

म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तीन सख्खे भाऊ आहेत. बघा की, तोंडावळाच सांगतोय."

तिसरा जरा वेगळा दिसतो. पण सख्ख्या भावांत एवढं चालतं.

९ जून

वेळापत्रक केलं. पहिला शनिवार: जुनं काढणं. दुसरा: साफसफाई. तिसरा: बसवणं. चौथा राखीव, कौतुकासाठी.

१५ जून

जुना कार्ब्युरेटर निघाला. मॅनिफोल्डचा एक बोल्ट मात्र तुटून आतच राहिला. मेकॅनिक लोक अशा वेळी शिव्या देतात आणि वेल्डिंगवाल्याला बोलावतात. मी क्लिनिकमधून मूळ उपटायची हत्यारं आणली. बारीक ड्रिल, मग उचकटणी. अठरा मिनिटांत बोल्ट बाहेर. रक्त नाही, सूज नाही.

हे पास्क्वाल पाल्यूका यांनी बघायला हवं होतं.

मीर्ता दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "चांगलं केलंस." मग म्हणाली, "आता इथेच थांब, इग्नासिओ. जुनं परत बसव आणि हात धू."

यश बघवत नाही काही लोकांना.

२२ जून

साफसफाई. कार्ब्युरेटरमध्ये जेट म्हणून पितळेचा चिमुकला तुकडा असतो. त्याला एक भोक, आणि त्या भोकातून मोजून पेट्रोल जातं. झालं, एवढंच. या एका भोकाच्या जिवावर मेकॅनिक लोक जन्मभर भाव खातात. मी रोज याहून बारीक भोकात काम करतो, आणि माझं भोक ओरडतं.

रूट कॅनालच्या कानशी आणल्या. सगळी जेट आतून घासून चकाचक केली. पितळ दातापेक्षा कितीतरी मऊ. झटपट काम झालं. भोकं आता पूर्वीपेक्षा मोकळी दिसतात.

२९ जून

बसवले. पहिला आणि दुसरा सुंदर बसले. तिसरा ब्रेकच्या बूस्टरला टेकतो, म्हणजे त्याच्यावर एअर फिल्टर मावत नाही. तिसऱ्याला फिल्टरची गरज नाही. तो मागे आहे, तिथे धूळ येत नाही.

ॲक्सिलरेटर दाबला की तिघांनी एकदम उघडायला हवं. त्यासाठी एक दांडी लागते. चिचोच्या खोक्यात दांडी नव्हती. माझ्याकडे वाकडे दात सरळ करायची तार आहे. उत्तम प्रतीची. अर्ध्या हुनीनचं हसू त्या तारेवर उभं आहे. तीच लावली.

३० जून, रविवार

विश्रांती. मीर्ताने विचारलं, आज तरी जेवायला चारचौघांसारखा बसणार का. बसलो. टेबलाखाली बोटं पेट्रोलचा वास मारत होती. आवडला वास.

६ जुलै, शनिवार, सकाळी ११

चालू झाली!!

सकाळी ११.०२

बंद झाली. तिसऱ्या कार्ब्युरेटरमधून एक जाळ वर आला. छोटा. डावी भुवई गेली. ओल्या गोणपाटाने विझवलं. रंग खराब झालेला नाही, निदान वरच्या बाजूला.

नोंद: तिसऱ्यालाही फिल्टर हवा. लहान.

९ जुलै

स्वातंत्र्यदिन. दान्तेकडे मक्याच्या रश्श्याचं जेवण. मीर्ताच्या पेन्सिलीने भुवई काढून गेलो. स्वतःच काढली. उजवीपेक्षा जरा आश्चर्यचकित दिसते.

दान्तेने भुवईकडे बघितलं. मग वाटीत रस्सा वाढत म्हणाला, "डॉक्टर, हल्ली गाडी दिसत नाही तुमची."

म्हटलं, जुलै म्हणजे आपल्याकडे भर हिवाळा, झाकून ठेवलीय.

म्हणाला, "बरं केलंत. थंडीत भुवया लवकर गळतात."

सगळे हसले. मीर्तासुद्धा. सासूबाई हसल्या नाहीत. मांस बाजूला सारून नुसता मका खात होत्या. मी केलेली कवळी बसवल्यापासून त्यांची मांसावरची वासना उडाली आहे. वय झालं की होतं असं.

निघताना त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, सप्टेंबरचं लक्षात आहे ना?"

म्हटलं, तुम्ही फक्त चांगला कोट काढून ठेवा.

२० जुलै

आजचं काम तिघांना जुळवण्याचं. सोपं आहे. रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. हवा आत जाताना सूंऽ करते. तिघांचं सूं सारखं झालं की जुळले. क्लिनिकमध्ये पेशंटच्या तोंडातली लाळ ओढायची नळी आहे, ती वापरली. (धुऊन.)

पहिला: सूं.
दुसरा: सूं.
तिसरा: फुर्र.

तिसऱ्याचा स्क्रू फिरवला. तिसरा सूं झाला, तर पहिला फुर्र. चार तास. शेवटी तिघंही फुर्र करू लागले. म्हणजे जुळले.

२२ जुलै, सोमवार

क्लिनिकमधली सुसाना म्हणते, लाळेच्या नळीला कसला तरी वास येतोय, सकाळच्या दोन पेशंटना मळमळलं. मी म्हटलं, नव्या जंतुनाशकाचा आहे.

ती म्हणाली, "डॉक्टर, या जंतुनाशकावर बस चालेल."

३ ऑगस्ट

पहिली चाचणी. चौकापर्यंत आणि परत. मागे बघितलं तर आमची गल्ली दिसेना. धूर काळा, भरघोस. शेजारणीने दोरीवर चादरी वाळत घातल्या होत्या. हे तिने आकाश बघून ठरवायला हवं होतं.

पण आवाज! आवाज फार चांगला आहे. निदान पहिले चार-पाच सेकंद.

४ ऑगस्ट

शेजारणीला चार नव्या चादरी. मीर्ताने निवडल्या. सगळ्यांत जाड.

१० ऑगस्ट

वेळ मिळाला नाही.

१७ ऑगस्ट

वेळ मिळाला. गाडी चालू झाली नाही.

२४ ऑगस्ट

छोटीशी घटना. ॲक्सिलरेटर दाबला आणि पाय काढला. गाडीने पाय काढलेला नाही, असं ठरवलं. दात सरळ करणारी तार ताणली गेली की परत यायला वेळ घेते. दातांच्या बाबतीत हाच तिचा गुण आहे. गाडी अंगणातून सरळ मीर्ताच्या गुलाबांत गेली.

तार आखूड केली. गुलाब आखूड झाले आहेतच.

मीर्ता रागावली नाही. त्याची जास्त काळजी वाटते. गुलाबांच्या काड्या उचलत म्हणाली, "दान्तेला फोन करू का?"

मी म्हटलं, केलास तर मी जेवणार नाही.

म्हणाली, "तुझं वय एकसष्ट आहे."

म्हटलं, हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

म्हणाली, "कुठलं तत्त्व, तेवढं सांग. मी शांतपणे ऐकते."

मला सांगता येईना. म्हणजे येत होतं. पण तेहेतीस वर्षं एखाद्या घरात 'डॉक्टर, तुम्ही बसा' एवढंच ऐकून घ्यावं लागतं, हे तत्त्व म्हणून नीट सांगता येत नाही. प्रत्येक रविवारी पुरुष बॉनेटखाली डोकं घालून उभे, आणि मी बायकांजवळ सॅलडच्या वाडग्यापाशी. मग मी टोमॅटो चिरायचो. टोमॅटो मी छान चिरतो, असं सगळे म्हणतात.

मीर्ताला म्हटलं, तुला इंजिनातलं कळायचं नाही. ती आत गेली.

(वरचा मजकूर तांत्रिक नाही. फाडायचा. मागच्या पानावर चिचोचा नंबर आहे, म्हणून ठेवतो.)

७ सप्टेंबर

पंधरा दिवस उरले. नवा संकल्प: रोज सकाळी क्लिनिकच्या आधी एक तास गाडी.

८ सप्टेंबर

रविवार असल्यामुळे नाही.

९ सप्टेंबर

सर्दी.

१४ सप्टेंबर

चिचोला बोलावलं. त्याने इंजिनाकडे बघितलं, शिट्टी वाजवली, म्हणाला, "सुंदर!" मग म्हणाला, चालू करू नका, असंच सुंदर आहे. बायको वाट बघतेय असं सांगून गेला. चिचोचं लग्न झालेलं नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

आज गाडी सलग अकरा मिनिटं चालली!! अंगणात, उभी. धूर पूर्वीपेक्षा कमी, किंवा मला सवय झाली. पेट्रोल मात्र फार पिते. पण तहान हे तब्येतीचं लक्षण आहे.

मीर्ता म्हणाली, "उद्या आई दान्तेच्या पिकअपमधून येऊ दे. तू गाडी घेऊन मागून ये."

म्हटलं, सासूबाईंना मी शब्द दिलाय.

तिने माझ्याकडे बघितलं. ईस्टरला निखारे विझले तेव्हा बघितलं होतं, तसं.

उद्या. तळं चौदा किलोमीटर. सपाट रस्ता, एक चढ नाही. काय होऊ शकतं?

२२ सप्टेंबर, रविवार, संध्याकाळी ६

तपशीलवार लिहितो, कारण उद्यापासून लोक आपापल्या आवृत्त्या सांगतील.

सकाळी साडेदहाला सासूबाई निळा कोट घालून, ओठ रंगवून, मांडीवर पदार्थांचा डबा घेऊन पुढच्या सीटवर बसल्या. बाकी सगळे, मीर्तासुद्धा, जाळी, कोळसा आणि केक घेऊन दान्तेच्या पिकअपमधून आधीच गेले होते. गाडी तिसऱ्या झटक्याला चालू झाली. आवाज असा, की गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. (चादरीवाल्या बाईंची बंद झाली.) सासूबाई खूश. म्हणाल्या, "पास्क्वाल असाच निघायचा. गल्ली जागी करून."

नववा किलोमीटर. एक धक्का, दोन धक्के, एक ढेकर, आणि शांतता. दोन्ही बाजूंना गहू. कुंपणाच्या तारेपाशी गाई. गाई लगेच बघायला जमल्या.

बॉनेट उघडलं. मी काय काय केलं ते इथे लिहीत नाही, कारण मोठी यादी होईल आणि शेवट एकच येईल. पेट्रोल तिन्ही कार्ब्युरेटरांतून बाहेर गळत होतं. प्लग काढले. कोळशासारखे. पुसले, घातले, बॅटरी संपेपर्यंत चावी फिरवली. पाऊण तास.

सासूबाई दार उघडं ठेवून आत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "डॉक्टर, जरा तिकडे बघा." मी गाईंकडे बघितलं. त्यांनी कवळी काढून रुमालात ठेवली आणि एम्पानादा, म्हणजे मांसाची करंजी, हिरड्यांनी खाल्ली. दोन. अगदी चवीने. मग तिसरी.

त्यांची मांसावरची वासना उडाली, असं मी नऊ जुलैला लिहिलं होतं, ते आठवलं.

त्या म्हणाल्या, "काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. हे मी पन्नास वर्षं जेवताना ऐकलंय. जेट कशाने साफ केलीत?"

सांगितलं. रूट कॅनालच्या कानशीने.

आधी त्यांचे खांदे हलू लागले. मग त्या इतक्या हसल्या, की एक गाय मागे सरकली. म्हणाल्या, "अरे वेड्या! अरे इग्नासिओ! पितळ घासलंस? भोक मोठं केलंस की रे! पेट्रोल वाहणार नाही तर काय होणार?"

तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा मला त्यांनी नावाने हाक मारली. तीही अरेतुरे करून. मी रस्त्याच्या कडेला गवतावर बसलो.

मग त्यांनी डब्यातली एक एम्पानादा माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "पास्क्वालनेही बसवले होते."

म्हटलं, काय बसवले होते?

"तीन कार्ब्युरेटर. याच गाडीला. अठ्ठ्याहत्तर साली. मला म्हणाला, नेलिदा, बघ आता गाडी गाईल. बारा दिवस गॅरेज बंद ठेवून बसला होता. अशीच ढेकर द्यायची आणि बंद पडायची. तेराव्या दिवशी जुना परत बसवला आणि मला म्हणाला, चल, तळ्यावर फिरून येऊ. मी छान झगा घातला. तिथे गेल्यावर त्याने डिकी उघडली, तिन्ही बाहेर काढले, धक्क्यावरून पाण्यात टाकले, एकामागून एक. आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, चोरी झाली! पोलिसांत तक्रार दिलीन. हवालदार घरी येऊन चहा पिऊन गेला."

मी विचारलं, आणि दान्ते?

"दान्ते अकरा वर्षांचा होता. तीन दिवस रडला. वर्गातल्या एका पोरावर संशय होता, त्याला मारून आला. पास्क्वालच्या तोंडून अक्षर निघालं नाही." मग त्यांनी माझं मनगट धरलं. "हे मी लेकीला सांगितलेलं नाही. दान्तेला तर कधीच नाही. त्याच्या लेखी बाप म्हणजे बाप. तू बोलणार नाहीस."

म्हटलं, नाही बोलणार.

इथे तांत्रिक निष्कर्ष असा निघतो, की दोष माझ्यात नसून मुळात... नाही. निष्कर्ष नंतर.

त्यांनी पर्समधून फोन काढला आणि दान्तेला लावला. मी तासभर हीच गोष्ट टाळत होतो. त्यांना चार सेकंद लागले.

दान्ते आला. बॉनेटखाली डोकं घातलं. मी हसण्याची वाट बघत उभा राहिलो. तो बोटाने तिघांना शिवत गेला. मग म्हणाला, "हे दोन भाऊ आहेत. आणि हा तिसरा मेहुणा. वेगळ्याच गाडीचा आहे. सगळा घोळ मेहुण्यामुळे."

कोण कोणाचा मेहुणा, हे मी विचारलं नाही.

तार दिसल्यावर मात्र तो म्हणाला, "हे काय?" मी सांगितलं. म्हणाला, "आमच्या पोरीच्या दातांना होती, ती?" म्हटलं, तीच, नवी. तो मान खाली घालून दोन मिनिटं गाईंकडे पाठ करून उभा होता. खांदे आईसारखेच हलतात त्याचे.

दोर बांधला. म्हणाला, घरी सोडतो. तेव्हा सासूबाई शेव्हीच्या सीटवरून ओरडल्या, "दान्ते! वाढदिवस घरी आहे की तळ्यावर?"

"आई, तू पिकअपमध्ये बस, गाडी बंद आहे."

"मी याच गाडीतून जाणार आहे. ओढ तू."

अशा रीतीने आम्ही उरलेले पाच किलोमीटर गेलो. पुढे दान्ते, मग दोर, मग मी आणि निळा कोट. इंजिन बंद असलं की ब्रेक जड लागतो, त्यामुळे पिकअपला मागून दोनदा स्पर्श झाला. किरकोळ. सासूबाई खिडकी उघडून, हात बाहेर काढून, तळ्याचा वारा घेत होत्या. तळ्यावर सगळे उभे राहिले आणि टाळ्या वाजवल्या. मीर्ताने वाजवल्या नाहीत. तिने येऊन माझ्या कपाळावरची काजळी पुसली, हातातला सुरा माझ्याकडे दिला आणि टोमॅटो दाखवले.

जेवण झाल्यावर सासूबाई माझा हात धरून धक्क्यापर्यंत चालत आल्या. हनुवटीने पाण्याकडे खूण केली. "तिथे," म्हणाल्या.

एकूण अहवाल: गाडी वेळेवर नाही, पण तळ्यावर पोचली. शेवटचे पाच किलोमीटर धूर शून्य. तिन्ही कार्ब्युरेटर पूर्णपणे जुळलेले होते.

२४ सप्टेंबर, मंगळवार

सासूबाईंना क्लिनिकमध्ये बोलावलं. कवळीचं नव्याने माप घेतलं. सुसानाने विचारलं, आधीच्यात काय चुकलं होतं?

म्हटलं, मी.

तिने पेन उघडलं. अपॉइंटमेंटच्या वहीत काय लिहू, म्हणाली.

२८ सप्टेंबर, शनिवार

सकाळी नऊला दान्ते हत्यारांची पेटी घेऊन आला. मी म्हटलं, जुना कार्ब्युरेटर कपाटात आहे, काढून ठेवतो. तो म्हणाला, "थांबा हो. आता बसवलेच आहेत तर..." आणि खिशातून कागदाची पुडी काढली. नवी जेट. तिसऱ्यासाठी वेगळी, मेहुण्याच्या मापाची. एक खरी दांडी. नवी पॅकिंगं. आठवडाभर हाच उद्योग केला असणार त्याने.

मला म्हणाला, "डॉक्टर, टॉर्च धरा."

धरला. बॉनेटखाली, त्याच्या डोक्याशेजारी माझं डोकं. तिथे वास निराळाच असतो. त्याने माझी जेट काढून उजेडासमोर धरली, एका डोळ्याने आरपार बघितलं आणि म्हणाला, "यातून कोंबडी जाईल." "जरा डावीकडे," म्हणाला. डावीकडे नेला. "तेवढंही नाही." उजवीकडे आणला. सुसानाला मी दिवसातून चाळीस वेळा हेच म्हणतो, आणि ती कधी उलट बोलत नाही, हे लक्षात आलं. तिच्याशी यावर बोलायचं.

काम करता करता दान्ते आपणहून बोलायला लागला. मान वर न करता.

"बाबांनीही या गाडीसाठी तीन आणले होते, माहितीय तुम्हाला? मी लहान होतो. बसवायच्या आधीच कुणीतरी चोरले. बसवले असते ना, तर काय वाजली असती ही गाडी! अख्ख्या प्रांतात त्यांच्यासारखं जुळवणारं कुणी नव्हतं. नळीसुद्धा लागत नव्हती त्यांना, नुसत्या कानाने."

मी इथे प्रामाणिकपणे नोंदवतो: तोंड उघडलं होतं. एका वाक्याचं काम होतं. तेहेतीस वर्षं, सगळे रविवार, सॅलडचे सगळे वाडगे, एका वाक्यात फिटले असते.

दान्तेचा कान पहिल्या कार्ब्युरेटरशी होता. डोळे मिटलेले. बावन्न वर्षांचा माणूस, तोंड जरासं उघडं.

म्हटलं, "हो. मीर्ता म्हणाली होती. फार वाईट झालं."

"हरामखोर होते," तो म्हणाला. "कोण होते ते मला माहीत होतं."

बाराला चावी फिरवली. पहिल्या झटक्याला चालू झाली. धूर नाही. ढेकर नाही. आवाज कसा, ते मला लिहिता येत नाही. मीर्ता ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. शेजारणीची खिडकी उघडली आणि उघडीच राहिली. दान्तेने टोपी काढली. बराच वेळ बॉनेटवर हात ठेवून उभा होता. म्हणाला, "ऐकायला म्हातारा हवा होता."

मी म्हटलं, "हो ना."

मग त्याने डोळे पुसले, माझ्याकडे बघितलं. काहीतरी चांगलं बोलणार असं वाटलं. मी तयार होतो.

म्हणाला, "डॉक्टर, टॉर्च बंद करा आता. भर दुपार आहे. सेल जातील."